वजनाचं ऑपरेशन आणि ब्रेस्ट कॅन्सर: काट्यापेक्षा इन्शुलिनकडे बघा

वजनाच्या ऑपरेशनबद्दल मी इथे अधूनमधून लिहिते त्यामुळे मेसेज येत असतात, केस किती गळतात, प्रोटीन पावडर कायमची घ्यावी लागते का, घरच्यांना कसं पटवायचं वगैरे. हल्ली मात्र एक नवीनच प्रश्न यायला लागलाय, की या ऑपरेशनने म्हणे ब्रेस्ट कॅन्सर होत नाही, खरंय का? आता "होत नाही" असं कुठल्याही शहाण्या डॉक्टरने म्हटलेलं नाही, पण धोका कमी होतो असं म्हणायला बऱ्यापैकी आधार आहे, आणि तो आधार नेमका कसला आहे, कुणासाठी आहे, हे कुणी नीट सांगत नाही. एक तर जाहिरातीसारखं सांगतात नाहीतर "काही नसतं गं, पैसे काढायचे धंदे" म्हणून उडवून लावतात. म्हणून म्हटलं एकदाच बसून लिहून टाकू.

आधी माझं सांगते म्हणजे मी कुठे उभं राहून बोलतेय ते कळेल. मी स्लीव्ह करून घेतली, म्हणजे पोट कापून लहान करायचं ऑपरेशन, ती शुगरसाठी, कॅन्सर त्या वेळी डोक्यातही नव्हता. आणि माझ्या सख्ख्या मावशीला साठीनंतर ब्रेस्ट कॅन्सर झाला होता. ऑपरेशन, किमो, रेडिएशन सगळं झालं, आता बरी आहे. तिची मुलगी, म्हणजे माझी मावसबहीण, पंचेचाळिशीची, वजन भरपूर, शुगर बॉर्डरवर, आणि आता ऑपरेशनचा विचार करतेय. तिने फोनवर विचारलं, "ताई, आईचं बघितलंय मी, नुसत्या त्या भीतीनेसुद्धा मी हे ऑपरेशन करून घ्यायला तयार आहे, बरोबर करतेय ना?" तिला फोनवर दिलेलं उत्तर अर्धवट होतं, हे जरा सविस्तर.

चरबी ही नुसती साठवण आहे असं आपल्याला वाटतं पण तसं नाहीये, तो चोवीस तास चालू असलेला कारखाना आहे. चरबीच्या पेशींमध्ये अ‍ॅरोमाटेज नावाचं एक एन्झाइम असतं, ते शरीरातल्या पुरुषी हार्मोन्सचं इस्ट्रोजेन, म्हणजे बायकी हार्मोन, करतं. पाळी चालू असते तोवर इस्ट्रोजेनचा मुख्य पुरवठा अंडाशयांचा, पाळी गेली की अंडाशयं काम थांबवतात आणि मग शरीरातलं बरंचसं इस्ट्रोजेन या चरबीतूनच येतं. म्हणजे चरबी जास्त तर पाळी गेल्यावरही इस्ट्रोजेन जास्त, आणि ब्रेस्ट कॅन्सरचे बहुतेक प्रकार इस्ट्रोजेनवरच पोसले जातात. वर आणखी इन्शुलिन. वजन जास्त असलं की शरीर इन्शुलिनला दाद देत नाही म्हणून स्वादुपिंड आणखी इन्शुलिन सोडत राहतं, आणि हे जास्तीचं इन्शुलिन स्वतःच पेशींना "वाढा, वाढा" म्हणत असतं. शिवाय इस्ट्रोजेनला बांधून ठेवणारं एक प्रोटीन लिव्हर बनवतं, ते इन्शुलिन वाढलं की कमी होतं, म्हणजे मोकळं इस्ट्रोजेन अजून वाढलं. चरबीतून सुटणारी हार्मोन्सही बिघडतात, लेप्टिन वाढतं, अ‍ॅडिपोनेक्टिन कमी होतं, अंगात सतत बारीक सूज राहते... एकातून एक लागलेलंच असतं सगळं.

२०१६ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेने जास्तीच्या चरबीशी पक्का संबंध असलेल्या १३ कॅन्सरची यादी दिली, त्यात ब्रेस्ट कॅन्सर आहे पण नुसता "ब्रेस्ट कॅन्सर" असं नाही, "पाळी गेल्यानंतर होणारा" असं आहे. हा फरक लोक गिळून टाकतात. पाळी चालू असताना उलटंच दिसतं, वजन जास्त असलेल्या तरुण बायकांमध्ये ब्रेस्ट कॅन्सरचं प्रमाण जरा कमीच आढळतं. ऐकून मलाही विचित्र वाटलं होतं, पण आकडे वर्षानुवर्षं तेच सांगतायत. म्हणून पंचविशीतल्या मुलीला "वजन कमी कर नाहीतर ब्रेस्ट कॅन्सर होईल" असं घाबरवू नका प्लीज, तिला वजन कमी करायला दुसरी पन्नास कारणं आहेत.

आता ऑपरेशनचं. या विषयातला सगळ्यात जुना आणि माझ्या मते सगळ्यात विश्वासाचा अभ्यास स्वीडनचा आहे. १९८७ मध्ये सुरू झाला, २००१ पर्यंत लोक घेतले, साधारण दोन हजार जणांनी ऑपरेशन करून घेतलं आणि तितक्याच, तशाच वजनाच्या लोकांनी नाही घेतलं, आणि मग दोन्ही गटांच्या मागे ते संशोधक अक्षरशः दशकं लागून राहिले. २००९ मध्ये त्यांनी पहिल्यांदा सांगितलं की ऑपरेशन केलेल्या बायकांमध्ये एकूण कॅन्सर बरेच कमी झाले, पुरुषांमध्ये तसा फरक काही दिसला नाही. बायकांमध्येच का, यावर मग खूप काथ्याकूट झाला आणि हार्मोन्सकडे सगळ्यांची नजर वळली.

२०२४ मध्ये त्याच अभ्यासातून खास ब्रेस्ट कॅन्सरवरचा निकाल आला. २,८६७ बायका, त्यातल्या १,४२० ऑपरेशन झालेल्या, १,४४७ न झालेल्या, मागोवा जवळजवळ २४ वर्षांचा. ऑपरेशनवाल्यांत ६६ जणींना ब्रेस्ट कॅन्सर झाला, दुसऱ्या गटात ८८ जणींना. धोका साधारण ३२ टक्क्यांनी कमी, अशा हेडलाइन झाल्या असणार. मी स्वतः कॅल्क्युलेटर घेऊन बसले. १०० बायकांमागे ऑपरेशनवाल्यांत साधारण साडेचार, दुसऱ्या गटात सहा. म्हणजे शंभर जणींनी ऑपरेशन करून घेतलं तर चोवीस वर्षांत दीड जणीचा कॅन्सर वाचला. "३२ टक्के" ऐकल्यावर डोळ्यासमोर जे येतं ते आणि "शंभरात दीड" हे एकच आहे, पण निर्णय घेताना मनावर होणारा परिणाम अगदी वेगळा असतो की नाही? आणि वय, दारू, पाळी गेलीय की नाही वगैरे गोष्टी हिशोबात धरल्यावर फरक थोडा आणखी पातळ झाला, इतका की आकडेशास्त्राच्या नियमाने तो जेमतेम रेषेवर आला. हे त्या संशोधकांनी स्वतःच लिहिलंय, लपवलेलं नाही, पण पुढे सांगणारे हा भाग गाळतात.

खरी गंमत पुढे आहे. त्यांनी या बायकांचं सुरुवातीचं इन्शुलिन मोजून ठेवलं होतं. सगळ्यांना मधोमध कापून दोन गट केले, ज्यांचं इन्शुलिन जास्त त्या आणि ज्यांचं कमी त्या. तर जास्त इन्शुलिनवाल्या बायकांमध्ये ऑपरेशनने ब्रेस्ट कॅन्सरचा धोका जवळजवळ निम्मा झालेला, आणि कमी इन्शुलिनवाल्यांमध्ये म्हणावा तसा फायदा दिसलाच नाही! वजन दोघींचं जास्तच, फरक आतल्या इन्शुलिनचा. मला हे वाचून एकदम ट्यूब पेटल्यासारखं झालं, कारण आपण सगळ्या जणी काट्यावरच्या किलोंच्या मागे असतो, किती उतरले, किती राहिले, आणि इथे मात्र काट्यावर न दिसणाऱ्या गोष्टीने सगळा फरक पाडलेला.

ऑपरेशननंतर इन्शुलिन खाली यायला वजन उतरायची वाटही बघावी लागत नाही, काही दिवसांतच सुधारणा दिसायला लागते. माझ्या शुगरच्या गोळ्या हॉस्पिटलमधून घरी आले तेव्हाच कमी केल्या होत्या, आरशात तर मी तशीच्या तशी होते. तेव्हा त्याचं एवढं काही वाटलं नव्हतं, आता वाटतं की जो काही खरा बदल होता तो त्या पहिल्या आठवड्यांतच सुरू झाला असणार.

बाकीचे अभ्यास भराभर सांगते. अमेरिकेत एका मोठ्या आरोग्य विमा व्यवस्थेच्या रेकॉर्डवरून ऑपरेशन झालेल्या जवळपास १८ हजार बायकांची तुलना न झालेल्या ५० हजारांहून जास्त बायकांशी केली, २०२० मध्ये ते छापून आलं, त्यात पाळी गेलेल्यांमध्ये धोका ४५ टक्क्यांनी आणि पाळी चालू असलेल्यांमध्ये २८ टक्क्यांनी कमी दिसला. म्हणजे पाळी चालू असलेल्यांनाही फायदा, जो वरच्या उलट्या आकड्यांमुळे कुणी गृहीत धरला नव्हता. कॅनडातल्या ओंटारिओमधल्या अभ्यासात ऑपरेशन झालेल्या बायकांचा धोका २५ च्या खाली बीएमआय (उंचीच्या हिशोबात वजन मोजायचा आकडा) असणाऱ्या बायकांच्या जवळपास येऊन पोचलेला दिसला. आणि २०२२ मध्ये क्लीव्हलँड क्लिनिकचा आला, त्यात लठ्ठपणाशी संबंधित सगळे कॅन्सर मिळून दहा वर्षांत २.९ टक्के विरुद्ध ४.९ टक्के. पण त्यात सगळ्यात ठळक फायदा ब्रेस्टचा नव्हता, गर्भाशयाच्या अस्तराच्या कॅन्सरचा होता. त्याच्याबद्दल कुणी मेसेज करून विचारत नाही बघा, ब्रेस्टचंच नाव सगळ्यांच्या तोंडी.

आता शंका. माझ्या मनात पहिली आली ती ही, की ऑपरेशन करून घेणारी बाई आणि न घेणारी बाई सारखी असते का? जी करून घेते ती डॉक्टरकडे जाणारी, तपासण्या करणारी, बहुतेक सिगरेट सोडलेली, फॉलोअपला येणारी. नाणं उडवून हजारो बायकांना "तू ऑपरेशनला, तू घरी" असं वीस वर्षांसाठी वाटून टाकता येत नाही, त्यामुळे हे सगळे अभ्यास बघून नोंद ठेवण्याचे आहेत, प्रयोगाचे नाहीत. संशोधक शक्य तेवढं जुळवून घेतात, वय, बीएमआय, शुगर, पण माणसाचा स्वभाव कुठल्या रकान्यात भरणार? दुसरं म्हणजे स्वीडनच्या त्या जुन्या अभ्यासात बहुतेकांची ऑपरेशनं आता जवळजवळ कुणी करत नाही अशा पद्धतीची होती, पोटाला टाके मारून पट्टी लावायची वगैरे, बायपास, म्हणजे पोट लहान करून आतड्याचा रस्ता बदलायचा, ती थोड्यांचीच. आज सगळ्यात जास्त होते ती स्लीव्ह, म्हणजे पोटाचा जवळजवळ पाऊण भाग काढून टाकायचा. तिच्या मागे अजून चोवीस वर्षं उभी नाहीयेत. तरी वेगवेगळ्या देशांतले, वेगवेगळ्या पद्धतीने केलेले अभ्यास एकाच दिशेला बोट दाखवतायत आणि शरीरातलं कारणही समजण्यासारखं आहे, म्हणून मी स्वतः यावर विश्वास ठेवते. पण बेतानेच.

मग बहिणीच्या प्रश्नाचं उत्तर काय? नुसत्या ब्रेस्ट कॅन्सरच्या भीतीने ऑपरेशन करू नकोस. सरळ. ज्या कारणासाठी ते आहे त्या कारणासाठी कर. २०२२ पासून जगभरच्या सर्जन लोकांच्या संघटनांनी सांगितलंय की बीएमआय ३५ च्या वर असेल तर दुसरा आजार नसला तरी ऑपरेशन सुचवावं, ३० च्या वर असेल आणि शुगरसारखं काही असेल तर विचार करावा, आणि आशियाई लोकांसाठी हे आकडे आणखी खाली, २७.५ पासूनच विचार सुरू. तू त्यात बसतेस, शुगर येऊ घातलीय, झोपेत श्वास अडकतो, गुडघे गेलेत, तर तुझ्याकडे कारणं आहेतच. कॅन्सरचा धोका कमी होणं हे गाड्याबरोबर नळ्याची यात्रा. नळ्यासाठी कुणी गाडा जुंपत नाही.

आणि आईला झालाय म्हणजे तुझा धोका साधारण दुप्पट धरतात, तो वजनाने आलेला नाही, तो रक्ताच्या नात्याने आलेला आहे, त्यामुळे वजन गेलं तरी तो हिशोब पुसला जात नाही. मावशीला साठीनंतर झाला हे त्यातल्या त्यात बरं, चाळिशीच्या आत झाला असता किंवा घरात आणखी दोघी-तिघींना असता तर मी तुला आधी जेनेटिक टेस्टिंगबद्दल विचारून ये म्हटलं असतं. तसंही विचार. जगात २०२२ मध्ये २३ लाख बायकांना ब्रेस्ट कॅन्सर झाला आणि त्यातल्या साधारण निम्म्या जणींमध्ये बाई असणं आणि वय वाढणं याशिवाय दुसरं कारण दाखवताच येत नाही. बारीक बायकांना होतोच की.

आता जे कुणीच सांगत नाही ते. ऑपरेशननंतर माझा पहिला मॅमोग्राम. मशीनच्या दोन प्लेटांमध्ये आधी पकडायला भरपूर होतं, आता नुसती सैल कातडी, टेक्निशियन बिचारी ओढून ओढून बसवत होती, "मॅडम जरा आणखी पुढे या, आणखी, खांदा सैल सोडा." दुखलं आधीपेक्षा जास्त. ते ठीक आहे, पण रिपोर्ट हातात आला आणि त्यात घनता "सी" लिहिलेली. आधीच्या रिपोर्टात "बी" होती. ए, बी, सी, डी अशा चार पायऱ्या असतात, डी म्हणजे सगळ्यात घट्ट, आणि घनता जास्त म्हणजे धोका जास्त हे मी कुठेतरी वाचलेलं, तर माझं धाबंच दणाणलं, एवढं सगळं करून उलटंच झालं की काय! रेडिओलॉजिस्ट बाईंनी दोन्ही फिल्म शेजारी शेजारी लावून दाखवल्या. मॅमोग्राममध्ये चरबी काळी दिसते आणि ग्रंथींचा भाग पांढरा. पांढरा भाग जेवढा होता तेवढाच होता, आजूबाजूचं काळं गेलं होतं. त्यामुळे प्रमाणात पांढरं जास्त दिसायला लागलं, म्हणून बी चं सी झालं. "तुमच्यात नवीन काही आलेलं नाही, जे होतं ते उघडं पडलंय," असं म्हणाल्या. पण त्याचा एक अर्थ असाही की पांढऱ्यात पांढरी गाठ शोधणं अवघड जातं, म्हणून त्यांनी सोबत सोनोग्राफीही करून घेतली.

म्हणून सांगते, ऑपरेशनच्या आधी मॅमोग्राम करून ठेवा, तुमच्या वयात डॉक्टर सांगत असतील तर, आणि त्या फिल्म किंवा सीडी जपून ठेवा, नुसता रिपोर्टचा कागद नाही. पुढच्या वेळी सोबत न्या आणि "मध्ये इतकं वजन उतरलंय" हे स्वतःहून सांगा, फॉर्मवर तो रकाना नसतो.

वजन उतरलं की गाठी हाताला जास्त लागायला लागतात. बरगडी लागते, आधी कधी लागलीच नव्हती म्हणून तीच गाठ वाटते, माझ्या एका मैत्रिणीने बरगडीसाठी रात्र रडून काढलीय. पण बरगडीच असेल असं धरून बसू नका, नवीन काही हाताला लागलं तर दाखवायचं. आणि उलटी बाजू, वजन जास्त असलेल्या बऱ्याच बायका तपासणीलाच जात नाहीत, लाजेने, कुणीतरी एकदा काहीतरी टोचून बोललेलं असतं म्हणून. हे मी हवेत बोलत नाहीये, मीही वर्षानुवर्षं टाळलेलं आहे, एका ठिकाणी गाऊन अंगाला येईना तर नर्स दुसरीकडे बघून हसली होती. अशा एका हसण्याने किती जणींचे कॅन्सर उशिरा सापडत असतील कोण जाणे.

दारूचंही बोलायला हवं, नाकं मुरडणाऱ्यांनी मुरडा. दारूने ब्रेस्ट कॅन्सरचा धोका वाढतो, हे पक्कं आहे, थोडी घेतली तरी थोडा वाढतो. आणि या ऑपरेशननंतर, बायपासनंतर खासकरून, दारू रक्तात फार पटकन आणि जास्त चढते, आणि आधी कधीमधी घेणाऱ्या काही जणांना नंतर सवय लागल्याचंही दिसलंय. जेवणातला आनंद कमी झाला की माणूस दुसरीकडे शोधतो. तर ऑपरेशनने मिळवलेलं असं घालवू नका.

ज्यांना ब्रेस्ट कॅन्सर होऊन गेलाय आणि आता वजनाच्या ऑपरेशनचा विचार आहे त्यांचं प्रकरण वेगळं, त्यांनी माझं किंवा कुणाचंही वाचून काही ठरवू नये. टॅमॉक्सिफेनसारखी, इस्ट्रोजेनला अडवणारी गोळी वर्षानुवर्षं घ्यायची असते, आणि आतड्याचा रस्ता बदलल्यावर ती पूर्वीइतकी अंगी लागते का हा प्रश्न सर्जनला आणि कॅन्सरच्या डॉक्टरला एकत्र विचारायचा, दोघांना वेगवेगळं नाही, कारण मग एक म्हणतो त्यांना विचारा आणि दुसरा म्हणतो यांना विचारा. दुसरी गोष्ट हाडांची. पाळी गेलेल्यांना दिल्या जाणाऱ्या, अ‍ॅरोमाटेज बंद करणाऱ्या गोळ्यांनी हाडं ठिसूळ होतात आणि वजनाच्या ऑपरेशननेही होतात, म्हणजे दुष्काळात तेरावा महिना. कॅल्शियम, डी जीवनसत्त्व, हाडांची घनता मोजणं हे आधीच ठरवून ठेवायला लागतं.

राहता राहिला तो इंजेक्शनचा प्रश्न, कारण हे वाचून लगेच विचारणारच की मग ऑपरेशन कशाला, ती आठवड्याला एकदा घ्यायची इंजेक्शनं निघालीत ना, सेमाग्लुटाइड वगैरे, त्याने पण वजन आणि शुगर दोन्ही उतरतात. उतरतात, चांगलीच उतरतात, इन्शुलिनचा ताणही कमी होतो, त्यामुळे ब्रेस्ट कॅन्सरवरही तसाच परिणाम व्हावा अशी आशा धरायला जागा आहे. पण ऑपरेशनच्या बाजूला स्वीडनची ती चोवीस वर्षं आहेत, वजनासाठी ही इंजेक्शनं इतक्या मोठ्या प्रमाणावर घ्यायला लागून थोडीच वर्षं झालीत, आणि बंद केली की बऱ्याच जणांचं वजन परत येतं, मग इन्शुलिनही परत चढणार. बहीण दोन्हींबद्दल विचारायला पुढच्या आठवड्यात डॉक्टरकडे जातेय. तिला म्हटलंय फास्टिंग शुगरबरोबर फास्टिंग इन्शुलिनही लिहून द्यायला सांग, आणि मॅमोग्रामची सीडी मागून घे, स्वतःहून देत नाहीत.